पाच पाऊण पावणेचार

कमलाने चपला काढून तिवराच्या मुळाशी ठेवल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि रोवळी कमरेला टेकवून ती खाडीकडे वळली. वळली तशीच थांबली. उतरायला जागाच नव्हती. काठच्या दगडांना पाणी लागलेलं होतं, आणि खाडीच्या मधोमध असलेल्या काळ्या खडकाचं, ज्याला गावातल्या बायका म्हातारी म्हणत, नुसतं डोकं वर दिसत होतं.

"आक्का," ती म्हणाली, "पाणी आहे की गो अजून."

मागून तिची थोरली बहीण गंगा उतरत आली. पंच्याहत्तरी गाठली होती, पण जांभ्याच्या त्या उतारावर तिला अजून कुणाचा हात लागत नसे. कपाळावर आडवा पंजा धरून तिने पाण्याकडे पाहिलं.

"हाय खरं," ती म्हणाली. "तिथी चुकली वाटतं मेली."

कमला बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली.

शेजारच्या वाडीत तिथी उपासाला लागायची. यांच्या बौद्धवाडीत ती खाडीला लागायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शाळेत पाऊणकी सगळ्याच पोरी घोकायच्या, पण इतर पोरी परीक्षा झाली की विसरायच्या. गंगा विसरली नाही. त्यांच्या आयला अक्षर येत नव्हतं, तीसुद्धा बोटांच्या पेरांवर बिनचूक वेळ काढायची. आणि मग एका सकाळी आय ऐन भरतीला रोवळी घेऊन निघाली. सगळी वाडी हसली, आयसुद्धा हसली. त्यानंतर दोन वर्षांत ती आपल्या तिन्ही मुलींची नावं विसरली. आयचं विसरणं खाडीपासून सुरू झालं होतं, हे कमलाला आज पन्नास वर्षांनीही लख्ख आठवत होतं.

"बघतेस काय अशी?" गंगा एका दगडावर बसत म्हणाली. "सांग म्हेंद्राला. आई भरती चुकली म्हणावं. त्यासाठीच धाडलंय ना तुला?"

"कोण म्हणालं तसं?"

"माझ्या पोटचा हाय तो. फोनवर 'हॅलो' म्हणाला तरी पुढचं कळतं मला."

कमलाने रोवळी खाली ठेवली. गंगाचा मुलगा महेंद्र मिरजोळ्याला कंपनीत होता, तिथेच जवळ त्याने तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली होती. आईसाठी एक खोलीही काढून ठेवली होती. आई या खाडीकाठच्या घरातून हलायला तयार नव्हती. "मावशी, तू आरामाला चाललीच आहेस," तो म्हणाला होता, "तर पंधरा दिवस तिच्याकडे जरा लक्ष ठेव. एकटी राहण्यासारखी आहे का, तेवढं सांग. तू म्हणशील तसं करू." पोर वाईट नव्हतं. आजीचं शेवटचं वर्ष त्यानेही लहानपणी पाहिलेलं होतं.

"मग घरी जाऊ या," कमला म्हणाली. "पाणी उतरलं की येऊ."

"चढ चढायचा नि परत उतरायचं? माझे गुडघे काय सरकारी हायत? बस जरा. उतरेल पाणी. त्याला तरी दुसरीकडे कुठे जायचंय?"

कमला बसली. बसता बसता तिचा हात कमरेशी गेला आणि रिकामा परत आला. चिखलात पडेल म्हणून मोबाईल गंगाने पिठाच्या डब्यावर ठेवायला लावला होता. किती वाजले, ते कळायला मार्ग नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाला म्हणालीस?" गंगाने विचारलं.

"म्हणाला, गोळ्यांनी झोप येईल, पण गोळ्यांवर राहू नका. झाडापाण्यात जा. निसर्गात वेळ घालवा."

"निसर्ग म्हंजे ही खाडी धरायची काय?"

"धरायची."

"मग आपण जन्मल्यापासून औषधातच बुडालेले. तरी बघ माझे गुडघे."

कमलाला हसू आलं, पण ते ओठापर्यंत येऊन राहिलं. या चिखलातून सुटायचं म्हणून तर ती शिकली होती. शाळेच्या आधी, पहाटे, थंडीत काकडत तिघी बहिणी आयच्या मागून उतरायच्या. गंगा पुढे, मधली जनी रडत, आणि कमला सगळ्यांत मागे. मुळे भरायचे, ते शिंपले उकडून, सोलून आय बाजारात न्यायची, आणि उरलेल्यांवर घर जेवायचं. वर्गात शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावायची. मुंबईत पोस्टात नोकरी लागली त्या दिवशी कमलाने पायाची नखं ब्रशने घासली होती. परत या चिखलात पाय घालणार नाही म्हणाली होती. जनी तेव्हा हसली होती. जनी जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

आणि आता डॉक्टर हेच औषध सांगत होता.

कमलाला स्वस्थ बसता येत नव्हतं. ती उठली, पुन्हा बसली, पदराचं टोक पिळत राहिली. चार वर्षं नवरा अंथरुणाला खिळलेला होता, आणि त्या चार वर्षांत तिचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने कापलेला असायचा. गोळी, कुशीवर वळवणं, पाणी, अंग पुसणं, पुन्हा गोळी. तो गेल्याला सात महिने झाले होते. दिवस मोकळा झाला होता, पण तिच्या अंगातलं घड्याळ अजून तसंच वाजत होतं. दर अर्ध्या तासाला काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं आणि ती दचकून उभी राहायची.

"बस गो बाय," गंगा पाण्याकडे बघतच म्हणाली. "म्हातारीचे खांदेसुद्धा अजून वर नाय आले."

तिवरांत वारा नव्हता. पाणी उतरतंय, हे बघून कळत नव्हतं. जरा वेळ दुसरीकडे पाहून परत पाहिलं की मात्र दगडावरची ओली रेघ बोटभर रुंद झालेली असायची. एक बगळा पाण्याच्या कडेला आला आणि एकाच पायावर उभा राहिला. उघड्या पडलेल्या चिखलात भोकं दिसू लागली, भोकांच्या तोंडाशी खेकड्यांची पिल्लं येऊन बसली. कमलाने पाय हलवला की सगळी एकदम आत जायची. मग तिने पाय हलवायचा नाही असं ठरवलं. मग पिल्लं बाहेर आली. पुन्हा आत गेली नाहीत.

किती वेळ गेला असेल कोण जाणे. पलीकडच्या काठावर कुणीतरी होडी दुरुस्त करायला घेतली. लाकडावर हातोडी पडू लागली. पाण्यावरून आवाज स्वच्छ येत होता. टक, टक. थांबून, टक, टक.

कमलाने दोन्ही हातांनी दगडाची कड धरली.

गंगाने तिच्या हातांकडे पाहिलं आणि नजर पुन्हा पाण्याकडे नेली.

"ते वाटी वाजवायचे," कमला म्हणाली. "बोलता येत नव्हतं ना. उजव्या हातात स्टीलची वाटी द्यायचे मी. काही हवं असलं की पलंगाच्या दांडीवर वाजवायचे."

"पाहिलंय मी. मुंबईला आले होते तेव्हा."

"रात्री झोप लागत आली की मला तेच ऐकू येतं."

खडकाचे खांदे वर आले होते.

"ते गेले त्या सकाळी मी चहा केला होता. कपात ओतला, आणि त्यांनी वाजवलं." कमलाचा आवाज सरळ होता, पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तसा. "मी ऐकलं, आक्का. ऐकलं नाही असं नाही. पण उठले नाही. खिडकीत बसून सगळा चहा प्यायले. मग त्यांच्याकडे गेले. तर वाटी खाली पडलेली होती."

हातोडी थांबली. पलीकडे कुणीतरी कुणालातरी हाक मारली आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.

"मुलींना सांगितलं नाही. कुणालाच नाही. सगळे म्हणतात, वहिनींनी किती केलं. असं कुणी म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो."

गंगाने पायाशी पडलेली तिवराची काडी उचलली, मोडली, पाण्यात टाकली. काडी समुद्राच्या दिशेने सावकाश निघाली.

"चहा तरी गरम होता काय?" तिने विचारलं.

कमलाने तिच्याकडे पाहिलं.

"चार वर्षांत कधी गरम पिताना पाहिलं नाय तुला," गंगा म्हणाली. "आले की बघायचे. एक घोट घ्यायचीस, उठायचीस, आणि मग पाण्यासारखा गार एका दमात संपवायचीस. त्या दिवशी तरी गरम होता काय?"

"होता," कमला म्हणाली.

"मग झालं."

एवढंच. तिने जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. कमला रडली, ती बगळ्याकडे बघत रडली, आणि बगळा जागचा हलला नाही. रडणं संपलं तेव्हा म्हातारीची मांडी वर आलेली होती, आणि मांडी दिसली की उतरायचं, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

पहिलं पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं. चिखल गार होता आणि वरवर उन्हाने कोमट. पन्नास वर्षांपूर्वी घासून काढलेल्या पायाला सगळं ठाऊक होतं. अंगठा आपणहून चाचपू लागला. काही कडक लागलं. कमला वाकली, बोटं आत घातली, आणि चिखलासकट एक मुळा वर काढला. काळा, गच्च मिटलेला, मुठीत मावेल एवढा.

"आक्का, हा बघ!"

"ओरडू नको गो. साऱ्या खाडीला कळायचं पोस्टमास्तरीण आली म्हणून."

या वेळी कमला खळखळून हसली.

दुपारी जेवून ती पडवीत जरा टेकली आणि उठली तेव्हा ऊन नारळीच्या खोडावरून सरकून भिंतीवर गेलेलं होतं. मध्ये काहीही ऐकू आलं नव्हतं. आपण कुठे आहोत हे कळायला तिला क्षणभर लागलं. तोंड धुऊन ती स्वयंपाकघरात आली. गंगा जमिनीवर विळी घेऊन रात्रीच्या मुळ्यांसाठी कांदा चिरत बसली होती.

"उठलीस? चहा टाक तुझ्या हाताने. मला थोडाच."

साखरेचा डबा घ्यायला कमला भिंतीकडे वळली. डब्याच्या वर खिळ्याला कॅलेंडर होतं. पौर्णिमेच्या चौकोनात गंगाने पेन्सिलने कमलाचं नाव लिहिलं होतं, त्या दिवशी ती आली होती. त्याखालच्या प्रत्येक चौकोनात एकेक आकडा होता आणि पुढे उभ्या रेघा. जुनी पद्धत. एक रेघ म्हणजे पाव. तृतीयेला आठ आणि एक रेघ. चतुर्थीला नुसते नऊ. आकडे थेट अमावास्येपर्यंत होते, एका बैठकीत लिहिल्यासारखे, आणि वरच्या काहींवर हळदीची बोटं उमटून वाळलेली होती.

आज पंचमी. चौकोनात नऊ होते, आणि तीन रेघा.

कमलाचे ओठ हलले. पाच पाऊण पावणेचार. त्यात सहा. पावणेदहा.

सकाळी याच कॅलेंडरसमोर उभं राहून गंगाने पदर खोचला होता आणि म्हणाली होती, चल लवकर, साडेसात वाजत आले, ओहोटी निघून जाईल.

ती वळली. गंगा कांद्यावर मान खाली घालून होती. विळीवर कांदा बारीक, एकसारखा चिरला जात होता.

पिठाच्या डब्यावर मोबाईल वाजला. महेंद्र होता.

"मावशी, बरं वाटतंय का? झोप लागते?"

"लागली आज."

"वा. आणि..." त्याने आवाज खाली केला, "आई कशी आहे? काही जाणवलं?"

विळीचा आवाज थांबला होता. गंगा चिरलेला कांदा उगाच हाताने गोळा करत होती. चहाला उकळी येत होती. कमलाने गॅस बारीक केला.

"महेंद्र," ती म्हणाली, "आईला तिच्या घरातच राहू दे. तिचं काही चुकत नाही रे."

"नक्की ना मावशी? तुला आजीचं ठाऊक आहे..."

"ठाऊक आहे म्हणूनच सांगते."

फोन ठेवून तिने चहा गाळला. मागे विळी पुन्हा सुरू झाली. दोघी उंबऱ्यात बसल्या, आणि कमलाने आपला चहा फुंकर घालून, न उठता, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगा कॅलेंडरसमोर उभी राहिली. षष्ठी होती. चौकोनात दहा आणि दोन रेघा.

"आठाला निघू," ती पाठमोरीच म्हणाली. "उशीर नको."

कमलाने हो म्हटलं. तिने चहा जरा जास्त टाकला, आणि फडताळातून महेंद्रने दिलेला, एकदाही न वापरलेला थर्मास काढून विसळला.

"ते कशाला गो?" गंगाने विचारलं. "जाऊ तेव्हा पाणी उतरलेलंच असेल."

"असू दे," कमला झाकण घट्ट फिरवत म्हणाली. "परत तिथी चुकली तर?"

गंगा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मांडणीवरून दोन पेले घेतले, पदराने पुसले आणि रोवळीत ठेवले.