आभार आधी, ठराव नंतर

येवल्याच्या अलीकडचं आमचं गाव. त्याची नगरपंचायत झाली आणि पाठोपाठ नवी घरपट्टी आली. मोजणीवाल्याने माझ्या दारावरची ‘पैठणी मिळेल’ ही पाटी वाचली आणि अख्खं घर दुकान म्हणून लिहून टाकलं. पाटी मीच रंगवली होती, साठीनंतर अक्षरं शिकले त्या हौसेनं. आत एकच खोली. मधे खड्ड्यातला माग, एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला अंथरूण. दुकानाच्या दराने पट्टी भरायची तर माग मोडावा लागला असता. गावात असे चाळीस माग.

या पट्टीच्या दरांचा ठराव नगरपंचायतीच्या सभेपुढे यायला आठ दिवस होते. मी नगराध्यक्ष मोहिनीताईंकडे गेले.

“ताई, घरातल्या मागाला घराचाच दर, एवढी एक ओळ ठरावात घाला.”

“मी घातली तर पडेल, कुसामावशी. सभेत देवरामअण्णांची माणसं जास्त. ती ओळ अण्णांनीच मांडायला हवी.”

अण्णा विरोधी गटाचे पुढारी. मला घेऊनच ताई त्यांच्याकडे गेल्या.

“काय अध्यक्षबाई, वाट चुकल्या का?” अण्णा म्हणाले.

“चहा प्यायला आले. रिकाम्या प्लॉटांवरची पट्टीवाढ दोन वर्षांत विभागू, तुमची मागणी आहे तशी. मागांची सूट तुम्ही मांडा.”

“आन् नाव कुणाचं?”

“तुमचंच.”

“बाई लय पक्की हाय!” अण्णा हसले. पण शब्द दिला नाही. बघू म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “ऐन वेळी फिरले तर?”

“म्हणून आभार आधीच मानायचे. चारचौघांत.”

बाजाराच्या दिवशी आम्ही मागावरच्या बायांनी अण्णांना पारावर बोलावलं. नारळ दिला, घरी विणलेलं रेशमी उपरणं घातलं. “अण्णा, तुम्ही आमचे माग वाचवताय!” अण्णा गोंधळून ताईंकडे बघायला लागले. ताई गर्दीत टाळ्या वाजवत होत्या.

सोमवारी सभेत ठरावातली दुरुस्ती अण्णांनीच मांडली. एकमताने मंजूर झाली.

मी ताईंकडे पेढे घेऊन गेले, तर म्हणाल्या, “माझं नाव काढू नका. पुढे पाणीपट्टीचा ठराव आहे, अण्णा लागतील.”

पाच वर्षं मी गप्प बसले. आता ताईंची मुदत संपली, म्हणून लिहिते. अण्णांना घातलेलं उपरणं खोटं नव्हतं, हात त्यांनीच वर केला. पण गावाने टाळ्या वाजवल्या त्यांच्यासाठी, आणि त्या मिळवून दिल्या ताईंनी. मोहिनीताई, हे तुमचे राहिलेले आभार.