तिसऱ्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत

खाली तळमजला, वर पाचवा मजला, एवढेच माझे जग. मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. जाळीची दोन दारे, लाकडी फळ्यांच्या भिंती, एक आरसा आणि कोपऱ्यात लिफ्टवाल्या काकांचे स्टूल, असा माझा थाट.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि सुटे भाग पेट्यांत भरून मी या इमारतीत आले. कामगारांनी तीन आठवडे खपून मला जोडले. पहिल्या दिवशी मला बघायला सगळी इमारत लोटली. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर काही काम नसताना सात फेऱ्या मारल्या. "वा! पोटातलं पाणी हलत नाही!" असे ते ज्याला त्याला सांगत सुटले. मी अगदी हरखून गेले होते.

मग वर्षामागून वर्षे गेली. मी कपाटे वाहिली, आजारी माणसे खुर्चीसकट खाली नेली, दवाखान्यातून आलेली तान्ही बाळे वर नेली. आरशात बघून लोक केस सारखे करायचे. कुणाचा निकाल लागला, कुणाची नोकरी गेली, ते मला आधी कळायचे.

एक दिवस पाचव्या मजल्यावर एक नवे कुटुंब राहायला आले. नवरा, बायको आणि सात वर्षांची मुलगी. गोड बोलण्यात नवऱ्याचा हात कुणी धरला नसता. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायचा, पोरांची चौकशी करायचा. सगळे त्याला साहेब म्हणू लागले. त्याची बायको मात्र कुणाशी फारशी बोलत नसे. काका तिला ताई म्हणत. ती दूध आणायला खाली उतरली की आधी हातातले घड्याळ बघायची आणि वर जाताना पुन्हा बघायची. साहेबांनी तिला दुधाला दहा मिनिटे नेमून दिली होती. अकरा झाली की जाब द्यावा लागे.

तिसऱ्या मजल्यावर दवाखान्यात नोकरी करणाऱ्या सिस्टर राहत. त्या एकट्या, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. एका संध्याकाळी कामावरून परत येताना त्यांनी तळमजल्यावर, माझ्या दाराशीच, एक दृश्य पाहिले. साहेबांनी ताईचा दंड मागून पिरगळला होता. ती ओठ दाबून उभी होती आणि मुलगी भिंतीला चिकटली होती.

"हात सोडा तिचा! आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन करते!" सिस्टर कडाडल्या.

साहेबांनी हात सोडला आणि हसून म्हटले, "अहो, गंमत चालली होती."

पण खरा धक्का पुढेच होता. ताईच सिस्टरांवर धावून गेली. "तुम्हाला कुणी बोलावलं होतं? आमच्या घरात नाक खुपसायचं काम नाही!"

सिस्टरांचा चेहरा पडला. सगळे गुपचूप माझ्यात चढले. तिसरा मजला आला, सिस्टर उतरल्या. दार लागले आणि मी वर निघाले. काका स्टुलावर होते, पण साहेबांच्या लेखी काका आणि स्टूल यांत काही फरक नव्हता.

"आता बाहेरच्या बायका मला शिकवणार," साहेब हळूच म्हणाले. "घरी चल, बघतो."

ताई घाईघाईने म्हणाली, "पण मी तिला बोलले ना? तुमच्यासमोरच बोलले ना? गप्प केलं ना मी तिला?"

मुलगी कानांवर हात ठेवून मजल्यांचे आकडे मोजत होती. पाचवा मजला आला. ते उतरले आणि त्यांचे दार बंद झाले. पुढचे मला दिसले नाही. तीन दिवस दूध आणायला मुलगीच खाली आली, एवढे मात्र मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर काकांपुढे फणफणल्या. "बघितलंत ना? मी तिच्या बाजूने बोलले आणि ती माझ्यावरच उलटली! पुन्हा मध्ये पडले तर नाव बदलीन."

काकांनी दार लावले, पण बटण दाबले नाही. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तिसऱ्यावर उतरलात. ती पाचव्यापर्यंत गेली." मग त्या दोन मजल्यांत ऐकलेला शब्द न् शब्द त्यांनी सांगितला.

"म्हणजे माझ्या ओरडण्याचा मार तिने खाल्ला," असे म्हणून सिस्टर खाली बसल्याच. काकांनी त्यांना आपले स्टूल दिले. ते स्टूल काका कुणाला देत नसत.

त्याच सुमारास माझे दिवस फिरले. वर्षभर कुणी माझ्या यंत्राला तेल दिले नव्हते. सोसायटीच्या बैठकीत माझा विषय निघे आणि चहाबरोबर संपे. शेवटी मोटर जळाली आणि मी तिसऱ्या मजल्यावर, दार अर्धे उघडे टाकून, बंद पडले. नवीन भाग यायला दोन महिने लागणार होते. लोक जिने चढताना मला नावे ठेवू लागले. ज्या आजोबांनी सात फेऱ्या मारल्या होत्या, त्यांनी तर मला काठीने ढोसले. मला फार वाईट वाटले.

पण मित्रांनो, माझ्या बंद पडण्यात कुणाचे तरी भले होते. पाच मजले चढायला किती वेळ लागतो, हे साहेबांनाही नेमके सांगता येईना. ताईला रोज पाच-सात मिनिटे मिळाली, ज्यांचा हिशेब कुणी मागत नव्हते. सिस्टरांनी जिन्याच्या वळणावर, माझ्या दाराजवळ, एक खुर्ची ठेवली. पहिल्या दिवशी ताई थबकली. सिस्टर एवढेच म्हणाल्या, "बस. दमली असशील. मी काही विचारणार नाही."

आठ दिवस त्यांनी खरेच काही विचारले नाही. फटकळ माणसाला ते किती जड गेले असेल! नवव्या दिवशी ताईच बोलली.

"माझ्या भावाने एकदा त्यांना दम दिला होता. मला माहेरी नेलं. दोन महिन्यांनी वहिनीला अडचण झाली आणि मला परत पोचवलं. त्यानंतर जे झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. सिस्टर, लोक येतात, ओरडतात, आपल्या घरी जातात. मला मात्र त्याच घरात जायचं असतं. मुलीचे कागद त्यांच्या कपाटात आहेत. सोडून गेलीस तर पोरगी दिसणार नाही, म्हणतात. आणि कधी कधी महिनाभर इतके चांगले वागतात, की वाटतं, आता सुधारले."

सिस्टरांच्या ओठांवर दहा सल्ले आले असतील. त्यांनी ते गिळले आणि विचारले, "मी काय केलं तर तुला बरं पडेल?"

"सध्या नुसतं बसू द्या."

हळूहळू साहेबांच्या कपाटातले कागद ताईच्या पिशवीतून खाली येऊ लागले. आज मुलीचा जन्मदाखला, चार दिवसांनी शाळेची प्रगतिपुस्तके. सिस्टरांनी ते आपल्या कपाटात ठेवले. छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेचा नंबर ताईने स्वतः मागून घेतला आणि सिस्टरांच्याच फोनवरून तिथल्या बाईंशी ती बोलली. कधी निघायचे, कुठे जायचे, सगळे तिनेच ठरवले.

मी दुरुस्त झाले त्याच आठवड्यात, भर सकाळी, साहेब कामावर गेल्यावर ताई मुलीचा हात धरून माझ्यात चढली आणि निघून गेली.

आणि चौथ्या दिवशी परत आली! साहेबांनी फोनवर रडून माफी मागितली होती. इमारतीतले लोक म्हणाले, "तिलाच नको असेल, तर कोण काय करणार?" सिस्टर मात्र दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आलीस? बरं. माझं दार उघडं आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कागद त्यांच्याच कपाटात राहिले.

साहेबांचा चांगुलपणा तीन आठवडे टिकला. ताई दुसऱ्यांदा गेली ती परत आली नाही. कोर्टाचे कागद आले, साहेबांनी घर सोडले. मुलगी आईकडेच राहिली.

वर्षभराने ताई सिस्टरांना भेटायला आली. ती आता एका छापखान्यात पुस्तकबांधणी करते. सिस्टर तिला घ्यायला तळमजल्यावर आल्या होत्या. माझ्यात चढताच ती म्हणाली, "सिस्टर, त्या संध्याकाळी मी तुम्हाला नको ते बोलले."

"अगं, ते मी केव्हाच विसरले."

"खोटं!" काका स्टुलावरून म्हणाले. "महिनाभर मला तेच ऐकवत होत्या!"

तिघे इतके हसले, की माझ्या फळ्या थरथरल्या.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. मला वेळेवर तेल द्या, असे मी जरूर सांगेन. पण त्याहून मोठी विनवणी वेगळी आहे. कुणी तुमच्या मदतीचा हात झिडकारला, तर त्याला लगेच कृतघ्न म्हणू नका. घरी गेल्यावर त्याच्यावर काय बेतते, ते तुम्हाला दिसत नसते. त्याला काय हवे ते विचारा आणि धीर धरा. एकट्याने निभणार नसेल, तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि तुमच्याच घरात असे घडत असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. ऐकणारे कुणीतरी नक्की भेटते.