थोरल्याच्या हाताची वाट

"माझे हात स्वच्छ आहेत. माती, तू ऐकतेस ना?"

रोज पहाटे ओकाफोरबाबांचा हा खरखरीत आवाज माझ्या अंगातून आरपार जाई. तो आवाज कधीचाच निमाला. तरी ओहायोतल्या डब्लिन गावी, फायरप्लेसवरच्या फळीवर पडल्या पडल्या, उजाडू लागलं की मी अजून कान देऊन राहतो.

मित्रांनो, मी एक जुना ओफो, न्यायनिवाड्याचा दंड. दिसायला वीतभर लाकूड. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या मुलखात माझं झाड होतं. ओफोसाठी त्याची फांदी कुणी तोडत नाही. ती आपली आपण गळते, तेव्हाच उचलायची. ओरबाडून आणलेलं लाकूड न्यायाला कसं चालेल?

बाबा घराण्यात वडीलधारे, म्हणून मी त्यांच्या हाती. गावात तंटा झाला की दोन्ही बाजू समोरासमोर बसत. कोलाची कडवट बी फोडून सगळ्यांना वाटली जाई. मग एकाचं ऐकायचं, मग दुसऱ्याचं. सगळं ऐकून झालं की बाबा मला मातीवर टेकवत, लोक "इसे!" म्हणत, म्हणजे तसंच होवो, आणि निकाल पक्का होई. इग्बो भाषेत सत्याला 'एझिओक्वू' म्हणतात, म्हणजे चांगला बोल. बाबा म्हणायचे, "मनात ठेवलेलं खरं अजून कच्चं असतं. ते बोलावं लागतं." लोक मला मान देत, आणि खोटं बोलणारा माझ्याकडे बघायलाही कचरे. काय दिवस होते ते!

त्याच मातीवर एकदा चूक झाली. शेजाऱ्याच्या बांधावरचं हद्दीच्या खुणेचं रोप उपटलेलं सापडलं आणि आळ आला बाबांच्या थोरल्या मुलावर, एमेकावर. बाबांना धास्ती वाटली, लोक म्हणतील, पोटच्या पोराला झुकतं माप दिलं. म्हणून त्यांनी त्याचं ऐकूनच घेतलं नाही. तो "बाबा, माझं..." म्हणतोय तोवर मी मातीवर टेकलो होतो. एमेका उठला, गाव सोडून गेला, तो थेट अमेरिकेत ह्यूस्टनला.

पुढे शेजाऱ्यानेच येऊन सांगितलं, रोप त्याच्याच शेळ्यांनी ओढून उपटलं होतं. बाबा खचले. अखेरच्या दुखण्यात धाकटा ओबिओरा उशाशी होता. बाबांनी मला त्याच्या हाती ठेवलं. "हा थोरल्याचा. तू फक्त सांभाळ. एमेकाला सांग, माझा न्याय चुकला. मग हा त्याला दे."

ओबिओराने मान डोलावली आणि मला सुटकेसमध्ये घालून डब्लिनला आणलं. सांगितलं मात्र काहीच नाही. भावाभावांत उरला तो ख्रिसमसचा एक मेसेज, त्याला एक अंगठा.

या घरात मला दुसरी भाषा मिळाली. ओबिओराची बायको शैलजा नागपूरची. दसऱ्याला ती लॅपटॉप आणि गाडीच्या किल्लीशेजारी मलाही पाटावर मांडते, हळदकुंकू लावते. शेजारच्या सीमाने पहिल्यांदा बघून विचारलं होतं, "काय गं, लाटणं तुटलं का तुझं?" पाहुणे म्हणतात, "वॉव, किती एस्थेटिक!" ओबिओरा मात्र मला कधी हात लावत नाही. धूळसुद्धा शैलजाच पुसते. इथे पायाखाली कार्पेट आहे, डेकच्या फळ्या आहेत. आणि मला त्या लाल मातीचा गारवा आठवत राहतो.

गेल्या रविवारी सीमा आणि तिची इशिता चहाला आल्या होत्या. मुली बाहेर डेकवर होत्या. एकदम खळ्ळकन आवाज झाला आणि तुळशीची कुंडी फुटली.

"इशिता!" सीमा चहा टाकून धावली. "दुसऱ्यांच्या घरी बॉल नको म्हणून किती वेळा सांगितलं? आधी मावशीला सॉरी म्हण!"

"अगं, कुंडीच तर आहे. जाऊ दे," शैलजा म्हणाली.

"तू तिला पाठीशी घालू नकोस. माझी मुलगी आहे म्हणून मी सोडेन असं नाही!"

"बट आई..."

"बट नाही अन् बिट नाही!"

तेवढ्यात शैलजाची अनिका कडाडली, "दॅट्स नॉट फेअर, सीमामावशी! ती माझ्या बाजूला बसलेली. खार होती, खार! तुम्ही तिला विचारलंच नाही!"

सीमा ओशाळली. "अगं बाई... मग बोलली का नाहीस गं?"

"तू ऐकतच नव्हतीस," इशिता पुटपुटली आणि तिचा बांध फुटला. सीमाने तिला पोटाशी धरलं.

दारात ओबिओरा उभा होता. एवढं मराठी त्याला कळतं. तो इशिताकडे बघत राहिला, पण मला वाटतं, त्याला तिथे दुसरंच कुणी दिसत होतं.

पाहुणे गेल्यावर त्याने सिंकपाशी जाऊन हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. मग माझ्याजवळ आला आणि त्याने मला उचललं. मित्रांनो, त्या बोटांत बाबांच्या बोटांची ठेवण होती. मला भरून आलं.

लाकडाची निगा सोपी असते. थोडं तेल, एक फडकं, झालं. पण कुणाच्या वाट्याचा शब्द तुमच्याजवळ ठेवायला दिलेला असेल, तर तो वेळेत पोचवा, एवढंच या म्हाताऱ्या लाकडाचं मागणं आहे. वाट बघणारा म्हातारा होत जातो, आणि त्याला ठाऊकही नसतं की तो वाट बघतोय.

ओबिओराने फोन लावला. पडद्यावर पिकल्या दाढीचा एमेका आला.

"काय रे? आज ख्रिसमस आहे की काय?"

ओबिओरा हसला नाही. त्याने मला दोन्ही हातांत धरून पुढे केलं. एमेकाचा चेहरा थिजला. मग ओबिओरा त्यांच्या भाषेत बोलू लागला. मी ते तुमच्या भाषेत सांगतो.

"दादा, रोप तू उपटलं नव्हतंस. बाबांना ते कळलं होतं. जाताना म्हणाले, एमेकाला सांग, माझा न्याय चुकला, आणि हा त्याला दे. मी सांगितलं नाही. वाटायचं, सांगितलं की तू हा घेऊन जाशील, आणि माझ्याजवळ बाबांचं काहीच उरणार नाही. आता हा तुझा तुला आणून देतो."