सात दिवसांच्या सुलतानाचं मागणं

विद्यार्थ्यांचा सुलतान म्हणून बूश्ताच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा फास शहरातल्या रेशीमवाल्यांनी नाकं मुरडली. डोंगरातलं पोर, अंगाला शेळ्यांचा वास, आणि त्याच्या डोक्यावर शाही छत्री! पण दर वसंतात करवीयीनच्या विद्यार्थ्यांनी आपल्यातला जो सर्वांत मोठी बोली लावेल त्याला सुलतान बसवायचा, खऱ्या सुलतानाने त्याला घोडा आणि शाही कपडे उसने द्यायचे, आणि सात दिवस नदीकाठी त्याचा खोटा दरबार चालू द्यायचा, ही रीत काही रेशीमवाल्यांनी घातलेली नव्हती. ती जुन्या सुलतानांची देणगी. करवीयीन म्हणजे शहराच्या मधोमधची मशीद, जिथे खांबाखांबाशी गुरू बसतात. ती फातिमा नावाच्या बाईने बापाच्या वारशातून बांधली, आणि तीसुद्धा बाहेरून आलेलीच होती. या खांबांपाशी शिकून काझी झाले, वैद्य झाले, ग्रहताऱ्यांची गणितं मांडणारे झाले, आणि त्यातले निम्मे असेच खेड्यापाड्यांतून आलेले. तरी फासवाले अजून विचारतात, कुठला रे तू?

बूश्ताला छत्रीची हौस नव्हती. खोट्या सुलतानाच्या हातात एकच खरी गोष्ट असते. सातव्या दिवशी महालातून माणूस येतो, आणि त्याच्यापुढे एक मागणं मांडता येतं. ते सहसा नाकारत नाहीत. कुणी गावाचा कर माफ करून घेतं, कुणी भावाला कामाला लावतं. बूश्ताला बाप हवा होता.

गावाकडच्या काइदला, म्हणजे तिथल्या सुभेदाराला, आपल्या बागेसाठी झऱ्याचं पाणी वळवायचं होतं. बूश्ताचा बाप हम्मादी आडवा झाला. एवढाच गुन्हा. काइदने त्याला साखळदंड घालून फासच्या किल्ल्यात पाठवलं आणि मग विसरून गेला. खटला नाही, शिक्षा नाही, मग सोडणार तरी कोण? बूश्ता त्याच वर्षी शिकायला फासला आला होता. त्याला मदरशात रोज एक भाकर फुकट मिळायची. तिच्यातली अर्धी तो बाजूला ठेवायचा. किल्ल्यात सरकार कैद्याला खायला घालत नाही. ज्याचं माणूस बाहेर आहे तो जगतो.

दर शुक्रवारी नमाजानंतर तो भाकरी, जैतून, कधी जमलं तर सुकं मांस टोपलीत घालून किल्ल्याच्या दाराशी जायचा. भेट मिळत नसे. पहारेकरी टोपली आत घ्यायचा आणि अंधारात ओरडायचा, "हम्मादी जबली!" खोलवरून कुणीतरी "ओ" द्यायचं. त्या "ओ"वर बूश्ता आठवडा काढायचा. पहिल्या हिवाळ्यापासून तो आवाज घोगरा झाला होता. दमट कोठडीत घसा बसला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. गावी आईला निरोप मात्र न चुकता धाडायचा, "बा बोलला."

आणि म्हणून यंदा अख्ख्या गावाने मेंढ्या विकून त्याच्या सुलतानपदाची बोली लावली. आई, यामना, नवऱ्याला घरी न्यायला खेचर घेऊन आली. सातव्या दिवशी ती नदीपलीकडे बायकांच्या घोळक्यात उभी होती, हातात नवा विणलेला जलाबा, पायघोळ अंगरखा.

खरा सुलतान त्या वर्षी दक्षिणेत स्वारीवर होता, तेव्हा त्याचा वजीर आला. शिपाई, ढोल, निशाणं. बूश्ता घोड्यावर ताठ बसून राहिला, कारण त्या दिवशी वजिरानेच त्याला मुजरा करायचा असतो. शेजारी त्याचा खोटा वजीर होता, थामी. मदरशात एकाच कोठडीत राहणारा, एकाच चादरीसाठी भांडणारा थामी.

"कोण रे हा?" थामीने मोठ्यांदा विचारलं. "आमच्या बादशहाच्या मुलखात न विचारता घुसतोस? माहिताय, आमच्याकडे सैन्य किती? नुसत्या पिसवांच्याच चार पलटणी आहेत!"

"आणि उवा?" खऱ्या वजिराने हात जोडून विचारलं. त्याला हा खेळ ठाऊक होता.

"उवांना आम्ही काझी केलंय. डोक्यावर बसतात ना!"

काठावरचे लोक पोट धरून हसले. बूश्ताही हसला. मग तो घोड्यावरून उतरला. तो उतरला की खेळ संपतो, सगळ्यांना कळतं. तो वजिराच्या रिकिबीपाशी गुडघ्यावर बसला.

"सीदी, माझा बाप. हम्मादी जबली. किल्ल्यात आहे. त्याला सोडा."

"काय केलंय त्यानं?"

"काही नाही, सीदी."

"सगळेच असं म्हणतात," वजीर म्हणाला, पण त्याने मान डोलावली आणि दोन शिपायांना पिटाळलं. किल्ला हाकेच्या अंतरावर होता. वाट बघायच्या तेवढ्या वेळात थामीने कोंबडीवर प्रवचन झोडलं. कोंबडीचा उजवा पाय पुण्यवंतांना, डावा काझींना, आणि हाडं करवीयीनच्या विद्यार्थ्यांना. लोक हसत होते. बूश्ताला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तो बापाला काय म्हणायचं याची मनात जुळवाजुळव करत होता. आधी हात चुंबायचा. मग पलीकडे दाखवायचं, ती बघ, आई.

शिपाई परतले. त्यांच्यामध्ये एक म्हातारा होता. दाढी छातीपर्यंत, घोट्यांवर बेड्यांचे काळे वळ, आणि उन्हाला भिऊन मिटलेले डोळे.

आणि पलीकडच्या काठावरून किलकारी उठली. जीभ नाचवत दिलेली, उंच, लांबलचक. लग्नात देतात ती. बूश्ताला आईचा आवाज लाखात ओळखता आला असता. तिच्यामागून साऱ्या बायकांनी किलकारी धरली, आणि नदीकाठ दुमदुमून गेला.

तेवढ्यात म्हाताऱ्याने डोळे उघडले.

तो हम्मादी नव्हता.

नाक वेगळं, कपाळ वेगळं. हम्मादीच्या डाव्या भुवईत लहानपणीच्या दगडाची खोक होती. या माणसाची भुवई सलग होती. हा कोण? माझी भाकर कुणी खाल्ली? "ओ" कोण देत होतं? वर छत्रीवाला अजून त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता, मूर्खासारखा.

"काय रे सुलताना," वजीर म्हणाला. "बाप समोर उभा आहे आणि तुझी दातखीळ बसली? हाच ना?" त्याचा आवाज जरा बदलला. "नीट बघून सांग. किल्ल्यात दुसऱ्याच्या नावावर निसटू बघणारे कमी नाहीत. तसं असेल तर त्याची सोय आम्ही करतो."

शिपायाचा हात म्हाताऱ्याच्या मानेवर पडला. म्हातारा नुसता बूश्ताकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात विनवणीसुद्धा नव्हती. तुला जे करायचं ते कर, एवढंच होतं.

बूश्ताला संताप आला. इतका, की त्या माणसाची दाढी धरून त्याला नदीत बुडवावंसं वाटलं. तो दोन पावलं पुढे गेला आणि त्याने खरंच म्हाताऱ्याचे खांदे आवळले. लोकांना वाटलं, मुलगा बापाला कवटाळतोय. थामीने डोळे पुसले.

"कुठंय माझा बाप?" बूश्ता दातांमधून म्हणाला.

म्हाताऱ्याचं तोंड त्याच्या कानाशी आलं. तोच घोगरा आवाज. "मीच धुतलं त्याला, पोरा. प्यायच्या पाण्यानं."

बूश्ताला आधी अर्थच लागला नाही. धुतलं म्हणजे? मग लागला. पुरण्याआधी मयताला धुतात.

"माझं बाहेर कुणी नाही," म्हातारा पुटपुटत होता, भराभर, शिपायाला कळू नये म्हणून. "मी मरायला टेकलेलो. तो म्हणाला, माझं नाव घे आणि ओ दे, म्हणजे भाकर येत राहील. पोराला कळलं तर शिक्षण टाकून काइदच्या अंगावर जाईल, म्हणाला. तुला दाढी आली का, तेवढं विचारायचा सारखं. मला काय ठाऊक? मी म्हणायचो, आली."

इतकी वर्षं. दर शुक्रवारी त्या दाराशी आपण मेलेल्या माणसाला हाक मारायला लावत होतो, आणि समाधानाने परत येऊन व्याकरण घोकत होतो. आईला निरोप धाडत होतो. मागे वजिराचा घोडा खूर आपटत होता.

"काय ते सांग, बाबा," वजीर म्हणाला. "ऊन चढतंय."

गावाच्या मेंढ्या गेल्या होत्या, मागणं एकदाच मागता येतं, आणि ते आता वापरून झालं होतं. जे शिल्लक होतं ते त्याच्या दोन हातांत थरथरत उभं होतं.

"हाच माझा बाप," बूश्ता म्हणाला. त्याने वाकून म्हाताऱ्याचा हात चुंबला. हात थंडगार होता.

"घेऊन जा मग," वजीर म्हणाला. ढोल वाजले. आता सगळं थांबेल आणि आपण रडू, असं बूश्ताला वाटलं. पण त्याने मान वर केली, तर आई लाकडी पुलावरून येत होती. धावत. साठीकडे झुकलेली बाई, डोईवरचं वस्त्र घसरलेलं, जलाबा छातीशी धरलेला. शिपाई अजून चार हातांवर उभे होते, आणि वजीरही कौतुकाने बघत थांबला होता.

बूश्ता तिला अडवायला धावला. "आई, थांब. आई, ऐक—"

"हो बाजूला!" ती हसत म्हणाली. "सुलतान असशील तुझ्या घरचा!" लोक पुन्हा हसले. तिने त्याला कोपराने ढकललं आणि ती म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

हसणं तिच्या तोंडावर तसंच राहिलं. डोळ्यांतलं मात्र गेलं. बूश्ताला ते जाताना दिसलं. तिने म्हाताऱ्याची भुवई पाहिली, कपाळ पाहिलं. मग शिपायांकडे, मग वजिराकडे. तिने एक हाक मारली असती, छाती पिटली असती, तरी तिचं काय चुकलं असतं?

यामनाने जलाबा झटकून उलगडला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावरून घातला. त्याचे हात बाहीतून ओढून काढले, लहान मुलाचे काढावेत तसे. "किती वाळलात हो," ती मोठ्याने म्हणाली. "चला घरी." मग गळ्यापाशी कापड नीट करायच्या निमित्ताने ती जवळ झुकली.

"कधी?" तिने विचारलं.

"पहिल्याच हिवाळ्यात, बाई."

तिची बोटं कापडावर थांबली. पलीकडून बायका ओरडत होत्या, "यामना! ओळखलं का गं त्यानं तुला? की विसरला?" सगळा काठ तिच्याकडे बघत होता.

यामनाने नदीकडे तोंड केलं, जीभ टाळूला लावली, आणि पुन्हा किलकारी दिली. उंच, लांबलचक, शिपायांच्या घोड्यांनी कान टवकारावेत अशी. ती देत राहिली. बूश्ता तिच्यामागे उभा होता, आणि तिची पाठ हलत असलेली फक्त त्यालाच दिसत होती.