कुंदाबाईच्या पानावरचा दिवा

जळगावात योगराजची बातम्यांची साईट होती. एक गाळा, दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारा पंखा आणि तो एकटा, एवढ्यावर चाललेली. बातम्या कोण वाचतं? लोक वाचायचे ते 'आठवण'. घरातलं माणूस गेलं की फोटो पाठवायचा, योगराज त्याचं पान करायचा आणि खाली पाहुणेरावळे दोन-दोन ओळी लिहायचे. पुढं पुढं तर गंधमुक्तीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या पत्रिकेवर त्या पानाचा क्यूआर छापायला लागले लोक. मोबाइल धरला की पान उघडलं.

त्या साईटीला एक चाळणी होती. म्हणजे खरीखुरी नाही, आतली. कुणी काही लिहिलं की चाळणी त्यातली साधी अक्षरं ठेवायची आणि कोड असला तर फेकून द्यायची. कोड म्हणजे यंत्राला दिलेला हुकूम. वाचणाऱ्याला दिसत नाही, पण त्याचा फोन मुकाट पाळतो. म्हणून ती चाळणी. साईटीचा सांगाडा ज्यांनी बनवला त्यांनीच ती घालून दिलेली, योगराजची अक्कल त्यात नव्हती.

एकदा चाळीसगावच्या एका पुढाऱ्याची आई वारली. कार्यकर्त्याचा फोन आला.

"भाऊ, आमच्या श्रद्धांजलीत वरून फुलं पडायला पाहिजेत. पडत नाहीत!"

फुलं पाडायची तर कोड लागतो, आणि तो चाळणी फेकायची. योगराजनं एका ठिकाणची खूण काढली, चाळणी बंद. लाल अक्षरात इंग्रजीतून काहीतरी बजावलं होतं. त्यानं अर्धं वाचलं आणि 'हो' दाबलं. उद्या परत लावू म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही, कारण लोकांना गोडी लागली. कुणाची फुलं, कुणाचा हलता दिवा. ज्याच्या श्रद्धांजलीत दिवा नाही त्याचं दुःख कमी, इथपर्यंत गोष्ट गेली.

मग धुळ्याच्या कुंदाबाई गेल्या. त्यांचा मुलगा जितेंद्र, त्यानं पान करवून घेतलं. कुंदाबाईंचं माहेर यावलचं. तिथं त्यांचा एकच भाऊ, उखर्डूआबा. जन्म केळीच्या बागांना पाणी देण्यात गेलेला, स्वतःचा मोबाइल नाही. पण गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी सुनेपाशी बसला.

"नूतन, कुंदासाठी माह्ये बी दोन शब्द टाक. अन् दिवा पाह्यजे. हालणारा."

नूतननं शोधून शोधून एक फुकटचा दिवा काढला. पोरगी शहाणी, तिनं आधी योगराजला फोन लावला.

"भाऊ, दिव्याचा कोड आहे. तुमच्या साईटीवर चिकटवला तर काही होणार नाही ना?"

योगराज जेवत होता. "बिनधास्त टाका ताई. आपली साईट म्हणजे लोखंडी तिजोरी."

आता तिजोरीचं दार त्यानंच उघडं टाकलेलं. आणि फुकटच्या दिव्यात दिव्याशिवाय दुसरंही काही होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जितेंद्रचा फोन आला. मागं पंगतीचा गलका.

"योगराजभाऊ, हाई काय शे? मन्ही मायना फोटोवर उघडी बाई नाची राहिनी! बठ्ठा लोके देखी राहिनात!"

"तुमच्या फोनमध्ये व्हायरस असेल, जितूभाऊ."

"माझ्या एकट्याच्या नाही हो! पत्रिका धरून ज्यानं ज्यानं पान उघडलं, त्याच्या त्याच्या फोनमध्ये. खाली 'खेळा आणि जिंका'. आत्यासमोर, पोरीबाळींसमोर. तोंड कुठं लपवू मी?"

योगराजनं कॉम्प्युटरवर पाहिलं. नुसता दिवा हलत होता. मोबाइलवर पाहिलं, तर आली नाचत. एका मिनिटात त्याला सगळं उमगलं. घाण कुणाच्या फोनमध्ये नव्हतीच. ती पानात जाऊन बसली होती, उखर्डूआबाच्या दोन ओळींच्या पोटात. जो पान उघडेल त्याच्यापुढं ती उभी राहणार, हजार जणांनी उघडलं तर हजार वेळा. आणि त्याच मिनिटात त्याला हेही उमगलं की तिला आत घेणारा आपण आहोत.

"सापडलं," तो म्हणाला. "यावलचे उखर्डू म्हणून कुणी आहेत, त्यांच्या मेसेजमधून आलंय. लोक काहीही टाकतात, मी काय करणार? त्यांनाच विचारा."

शब्द एकही खोटा नव्हता. म्हणून तर इतका सरळ तोंडातून निघाला.

फोन स्पीकरवर होता हे त्याला नंतर कळलं. पलीकडं गलका एकदम बसला. कुणीतरी म्हणालं, "मामा?" कुणीतरी फिसकन हसलं. आणि फोन बंद झाला.

योगराजनं तो मेसेज पुसला, चाळणी लावली आणि पंख्याकडं बघत बसला. चाळणी लावायला किती वेळ लागला? जेमतेम पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी नूतनचा फोन आला. आवाज हळू.

"भाऊ, रागावू नका. आमचं नेमकं काय चुकलं तेवढं सांगा, म्हणजे परत होणार नाही."

योगराजनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आबा पंगतीतून उठून आले. बट्टी मोडून ठेवली होती, वरण यायचं होतं. कुणीतरी म्हटलं, म्हाताऱ्याला या वयात नाद लागला. उठले आणि बसस्टँडवर गेले. यावलपर्यंत उपाशी. मला म्हणाले, तुझं नाव मी घेतलं नाही, तू बी घेऊ नको."

'तुम्हीच टाका म्हणाला होतात' असं ती बोलली नाही. बोलली असती तर योगराजला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या सकाळी तो यावलच्या बसमध्ये बसला. आबा ओट्यावर होता. योगराजनं नाव सांगितलं तसा म्हातारा लगबगीनं उठला आणि त्यानं हात जोडले.

"साहेब, तुमच्या साईटीची बदनामी झाली माह्यामुळं. मी अडाणी माणूस. मले काही समजलं नाही. माफी द्या."

अंगावर कुणी उकळतं पाणी ओतलं असतं तरी चाललं असतं योगराजला. त्यानं म्हाताऱ्याचे हात खाली केले आणि चाळणीपासून तिजोरीपर्यंत सगळं सांगितलं. आबाला कोड कळला नाही, पण बाकीचं बरोबर कळलं.

"म्हन्जे तुले ठाऊक होतं? फोनवर बोलला तव्हा?"

"होतं, आबा."

म्हातारा परत ओट्यावर बसला. नूतन दारात उभी होती, ती आत गेली.

योगराजनं तिथूनच जितेंद्रला फोन लावला, आबा शेजारी आहेत म्हणून सांगत आपण होऊन स्पीकरवर टाकला आणि परत सगळं सांगितलं. जितेंद्रनं ऐकून घेतलं.

"मला सांगून काय उपयोग? मी एकटा ऐकतोय. त्या दिवशी दीडशे माणूस होतं. अकरा तारखेला महिन्याचं जेवण आहे. या, आणि उभं राहून सांगा."

"येतो."

"मामा, तुम्ही बी या ना," जितेंद्रचा आवाज खाली आला. "मी पण तेव्हा गप्पच बसलो."

"पाहू," आबा म्हणाला. मग योगराजकडं न बघता, "हा आधी बोलीन, मंग मी जेवीन."

अकरा तारखेला धुळ्यात मांडवात योगराज उभा राहिला. खाली बघत त्यानं सुरुवात केली, तर मागून एक म्हातारी ओरडली, "मोठ्यानं बोल रे भाऊ, ऐकू येत नाही!" मग पुन्हा पहिल्यापासून. पुढाऱ्याची फुलं, चाळणी, नूतनताईंचा फोन, आणि स्पीकरवरचं आपलं बोलणं. "उखर्डूआबांचा काही दोष नाही. दोष माझा होता आणि मला तो माहीत होता." कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

जितेंद्रनं स्वतः वरणाची बादली घेतली आणि मामापुढं वाकला. आबानं बट्टी मोडली, वरण ओतू दिलं, पहिला घास घेतला. मग मान वर केली.

"ते माह्ये दोन शब्द पुसून टाकले म्हने तू?"

"हो आबा. माझ्याकडं राहिलेच नाहीत."

"मंग जेवण झालं का परत लिहून घे. दिवा नको आता." त्यानं शेजारची पत्रावळ सरकवली. "बस ना खाली. उभ्यानं जेवतं का कोनी?"

योगराज बसला. बट्टी मोडली. वरण आलं, तरी त्याची मान काही वर झाली नाही.