सरांनी न वाचलेला शोधनिबंध

मी एक शोधनिबंध बोलतोय. गोगलगायी ओल्या भिंतीवर चढतात कशासाठी, हा माझा विषय. हसू नका, सुरुवातीला मलाही कसंसंच वाटलं होतं.

मला लिहिलं एका संशोधक बाईंनी. गोगलगायींच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन त्या महिनोन्महिने त्यांच्यावर डोळे लावून बसल्या. एखादी गोगलगाय मनावर घेईपर्यंत यांचा चहा गार होई. माझ्यावर पहिलं नाव त्यांचं लागलं, तरच त्यांची नोकरी कायम होणार होती.

मग विभागप्रमुख सर आले. मला उघडलंसुद्धा नाही, सगळ्यात वर स्वतःचं नाव मात्र घालायला लावलं. मागोमाग त्यांचे मित्र आले, मेहुणे आले.

"सर, मेहुण्यांनी एकही गोगलगाय पाहिलेली नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, पण गोगलगायी ज्या टबात आहेत, तो टब कुणाचा?"

टब मेहुण्यांचाच होता. बाईंनी त्यांचंही नाव घातलं. बघता बघता गोगलगायींपेक्षा लेखक जास्त झाले आणि बाईंचं नाव पार तळाला गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण कागदाला कोण विचारतो?

तसाच मी नियतकालिकाकडे रवाना झालो. तिथे लेखकांची नावं झाकून निबंध एखाद्या जाणकाराकडे तपासायला धाडतात. संपादकांना जाणकार सापडले ते आमचेच सर!

सरांनी मला पहिल्यांदाच वाचलं आणि नाक मुरडलं. 'लेखकाने जन्मात गोगलगाय पाहिलेली दिसत नाही. प्रत्येक वाक्याचा खुलासा करावा,' असा शेरा त्यांनी ठोकला. अहो सर, लेखक तुम्हीच, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो.

परीक्षकाचं नाव झाकून तोच शेरा लेखकांकडे आला. सर लालबुंद झाले.

"कोण हा गाढव?"

"माहीत नाही, सर. पण खुलासा पहिल्या लेखकाने करायचा आहे."

सरांचा आवाज एकदम खाली आला. "माझं नाव काढा बुवा. मी कुठे त्या गोगलगायींच्या भानगडीत पडू?"

मित्रांनीही काढता पाय घेतला. मेहुणे तर टबसुद्धा घेऊन गेले. बाईंनी गोगलगायी बादलीत हलवल्या आणि एकटीने सगळे खुलासे लिहिले. ते पुन्हा सरांकडेच तपासायला गेले. 'आता लेखकाला विषय कळलेला दिसतो,' असं म्हणून त्यांनी मला पास केलं.

आज मी छापून आलोय. वर एकच नाव आहे. ते पाहून बाई रडल्या, मलाही भरून आलं.

नाव लावायला येणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, आधी मला एकदा वाचा. नाही आवडलो तर खुशाल शिव्या घाला. फक्त त्या आपल्यालाच लागत नाहीत ना, एवढं बघून घ्या.