शून्य कुठे धरायचा

मोजपट्टीच्या टोकाचा शून्य झिजून गेला होता, म्हणून तो नेहमी एकपासून मोजायचा आणि शेवटी एक वजा करायचा... पंचवीस वर्षं, न चुकता. काल मात्र चुकला, तेही पट्टी हातात नसताना.

आंतरराष्ट्रीय नियमात धावपट्टी संपल्यावर आधी साठ मीटरचा पट्टा, मग न थांबलेल्या विमानासाठी मोकळं सुरक्षा क्षेत्र : किमान नव्वद मीटर, शिफारस दोनशे चाळीस. दुसऱ्या एका देशाचं पुस्तक धावपट्टीच्या टोकापासूनच मोजतं – जवळजवळ तीनशे. विमानतळाच्या तपासणी अहवालात त्याने काल दोनशे चाळीस आणि तीनशे हे आकडे शेजारी मांडून शेरा मारला होता : साठचा फरक. फरक नव्हताच, सुरुवात वेगळी होती. आणि इथे, आपल्या विमानतळावर, टोकापासून दीडशे मीटरवर नाला.

"राहू द्या हो तो साठ," साहेब सकाळी म्हणाले. "जगात एकमत नाही म्हटलं की आपण सुटलो. किमान भरतंय ना?"

"भरतंय. अंग चोरून."

"मग चोरू द्या की!"

साहेबांच्या विनोदावर किती हसायचं याचं माप त्याला पाठ होतं. तेवढं तो हसला. पाचपर्यंत अहवालावर त्याची सही हवी होती. शेरा खोडला, की दोन्ही पुस्तकं एकच बोलणार – तीनशे – आणि आपले दीडशे उघडे पडणार... एखादं विमान ओल्या धावपट्टीवर थांबलंच नाही तर...

किमान. आज सकाळी बायको म्हणाली, "डबा ठेवलाय." तो म्हणाला, "बरं." हेही नियमात बसणारंच. परवा ती सहज म्हणाली होती, "दोन वर्षं झाली, तुम्ही बोलत नाही." – "काहीतरीच! मुलगी सासरी गेली त्याला सहाच महिने झाले." आकडा चुकीचा ठरवून तो जिंकला होता. ती गप्प बसली, ते त्याने आपल्याच बाजूने धरलं. पण ती मोजत कुठून होती? मुलगी घरात होती तेव्हाची शांतता त्याने कधी हिशेबात घेतलीच नव्हती. मधे मुलगी बोलत असायची, म्हणून ऐकू आली नाही, इतकंच.

त्याने शेऱ्यावर रेघ मारली. पेन्सिलीने, बारीक, पुसताही येईल अशी. पावणेपाच. सहीची जागा कोरी.

त्याने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि त्याच्या लक्षात आलं, की ‘डबा छान होता’ एवढं आपल्याला पाठ आहे. त्याच्या पुढची जमीन कशी आहे, पाय टेकेल की नाही, याची आपल्याकडे कुठेच नोंद नाही...

"हॅलो?" ती म्हणाली. "काय झालं?"